दोन मिनिटांची फिल्म आणि तिची उलटतपासणी

आमच्या फिल्मच्या सुरुवातीला माझी आत्या, म्हणजे आमची नायिका, एसटीतून उतरते. आधी आतून दिसते, दांडा धरून उतरताना. मग बाहेरून, पायरीवर, पुन्हा उतरताना. मग नुसत्या तिच्या चपला, त्याही अजून उतरतायत. वर्गात लावलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "उतरली का बाई एकदाची?" सगळा वर्ग हसला. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तो बंद घरातला वाफाळता चहा पडद्यावर आला तेव्हाही वर्ग हसतच होता. चहा कुणाला दिसलाच नाही.

मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाची ही गोष्ट. सरांनी सांगितलं होतं, अख्खी फिल्म करू नका. जी फिल्म कधीच बनणार नाही, तिची फक्त पहिली दोन मिनिटं करा, नावं पडतात त्यासकट. ही कल्पना त्यांनी इंग्लंडमधल्या ए-लेव्हलच्या, म्हणजे साधारण आपल्या बारावीच्या, मीडिया स्टडीजवरून उचलली होती. तिथे एका परीक्षा मंडळाच्या अभ्यासक्रमात बरीच वर्षं अशी दोन कामं असायची. आधी एक छोटा सराव: एक माणूस दार उघडून आत येतो, खोली ओलांडतो, दुसऱ्यासमोर बसतो, दोन वाक्यं बोलतो. मग काल्पनिक फिल्मची जास्तीत जास्त दोन मिनिटांची सुरुवात. आणि सगळं झाल्यावर लेखी प्रश्न: सरावापासून इथपर्यंत येताना काय शिकलात?

शूटिंगपेक्षा तो प्रश्न आम्हाला जड गेला. पहिल्या खेपेला मी लिहिलं होतं, "टीमवर्कचं महत्त्व समजलं, वेळेचं नियोजन किती गरजेचं असतं ते कळलं." सरांनी पेन्सिलीने खाली लिहिलं, "हे शूटिंग न करताही लिहिता आलं असतं." आणि वही परत.

आज मी एडिटिंगवर पोट भरते आणि दर परीक्षेच्या मोसमात कुणा ना कुणाचा धाकटा भाऊ पेनड्राइव्ह घेऊन येतो. "ताई, फिल्म झालीय, आता ते काय शिकलो ते लिहायचंय." त्याला मी जे करायला लावते तेच इथे लिहितेय.

आधी व्हॉट्सअॅपचा ग्रुप उघडा

शूटिंगची डायरी ठेवा असं सगळे सांगतात. कुणी ठेवत नाही. पण ग्रुप असतोच, आणि त्यात प्रत्येक मेसेजवर वेळ असते. त्यातलं 'एक्स्पोर्ट चॅट' करा, प्रिंट काढा किंवा फाइल उघडा, आणि शूटिंगच्या दिवसांपुरतं वाचा. आठवण स्वतःच्या बाजूने बोलते, ग्रुप बोलत नाही.

आमची आठवण अशी होती की स्टँडवर परवानगीवरून हटकलं म्हणून दिवस वाया गेला. ग्रुप सांगत होता, जमायचं साडेसहाला होतं आणि कॅमेरा ज्याच्याकडे होता त्याचा 'निघालोच' हा मेसेज आठ वाजून दहा मिनिटांचा. तोवर उन्हं वर आली, स्टँड भरला, आणि आम्ही गर्दीत घुसलो म्हणून नजरेत आलो. पत्र घेऊन आदल्या दिवशी जायला हवं होतं हे खरंच, त्यात चूक आमचीच. पण साडेसहाला पोचलो असतो तर रिकाम्या फलाटाचा शॉट निदान पदरात पडला असता. अहवालात 'वेळेचं नियोजन' हे दोन शब्द लिहिण्याऐवजी मी ही हकिगत लिहिली. सरांनी त्या परिच्छेदाला काही लिहिलं नाही. म्हणजे चाललं.

शॉट मोजा, सेकंदांत

सगळ्यांत डोळे उघडणारं काम हेच. एडिटिंगच्या टाइमलाइनवर बसा, कागदावर प्रत्येक शॉट लिहा, समोर त्याची लांबी. नुसतं हिशेबासारखं. मत देऊ नका.

आमचे एकतीस शॉट निघाले. एसटी आणि उतरणं, अडतीस सेकंद. रस्त्याने चालत घरापर्यंत, सव्वीस. कुलूप आणि दार, एकवीस. घराच्या आत, एकतीस. शेवटी काळा पडदा, चार. बरोबर १२० सेकंद. आता घराच्या आतल्या एकतीस सेकंदांत तो चहाचा कप किती? चार. काळ्या पडद्याइतकाच.

आमच्या फिल्मची गोष्ट एका ओळीची होती: चार वर्षं बंद असलेलं माहेरचं घर एक बाई उघडते, तर आत टेबलावर कुणीतरी नुकताच ओतलेला चहा. म्हणजे प्रेक्षकाने विचारावं, आत कोण आहे? त्या प्रश्नाला आम्ही चार सेकंद दिली आणि एसटीला अडतीस. कारण विचाराल तर साधं आहे. एसटीचे शॉट काढायला सगळ्यांत जास्त त्रास झाला होता. पहाटे उठलो, ओरडा खाल्ला, कंडक्टरच्या हातापाया पडलो. इतक्या कष्टाचं फुटेज टाकवेना. त्रासाचा मोबदला प्रेक्षकाकडून वसूल करायला निघालो होतो.

हे तुमच्याकडेही असणार. बहुतेकांच्या फिल्ममध्ये तो गजराचा शॉट असतो: गजर वाजतो, हात येऊन बंद करतो, मग ब्रश, मग आरसा. कुणाला विचारलं, हे का, तर म्हणतात, पात्राची ओळख. अरे, दात सगळेच घासतात.

मोजून झाल्यावर तुमच्या फिल्मचा एक प्रश्न कागदाच्या वर लिहा आणि प्रत्येक शॉटसमोर खूण करा, हा त्या प्रश्नाकडे नेतो की नाही. आमच्या एकतीसपैकी बारा शॉटना खूण करता आली नाही.

आवाज बंद करून बघा

म्यूट करा आणि फक्त चित्र बघा. आधी सरावाचा व्हिडिओ, लगेच पाठोपाठ खरी फिल्म. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय काय सुधारलं आणि काय तसंच राहिलं ते दिसत नाही.

सरावात आमची मोठी चूक होती ती रेषेची. समोरासमोर बसलेल्या दोघांच्या मधून एक काल्पनिक रेषा धरायची आणि कॅमेरा कायम तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, हा १८० अंशांचा नियम. आम्ही ती ओलांडली होती, त्यामुळे बोलणारे दोघंही पडद्यावर उजवीकडे बघतात, जणू दोघं मिळून तिसऱ्याशीच बोलतायत. मग दुसऱ्या खेपेला आम्ही जमिनीवर चक्क रांगोळीची रेघ मारली आणि कॅमेरावाल्याला दम दिला, पाय पलीकडे पडता कामा नये. काम झालं. आणि आम्हाला वाटलं, हा धडा आला.

म्यूट करून बघितल्यावर कळलं की तो धडा खोलीपुरताच आला होता. रस्त्यावर आत्या स्टँडकडून घराकडे डावीकडून उजवीकडे चालते, पुढच्या शॉटमध्ये उजवीकडून डावीकडे, मग पुन्हा उलट. कारण पलीकडच्या बाजूला सावली चांगली होती म्हणून आम्ही रस्ता ओलांडून उभे राहिलो. बघणाऱ्याला वाटतं, बाई काहीतरी विसरली आणि एसटीकडे परत निघाली. रेघ रस्त्यावरही असते, फक्त तिथे रांगोळी काढता येत नाही.

उतरण्याचा घोळही इथेच समजला. एखादी हालचाल दोन शॉटमध्ये तोडायची तर दोन्हींत ती पूर्ण करून घ्या, पण एडिटिंगला पहिल्या शॉटमधून पाय हवेत असताना निघा आणि दुसऱ्यात पाय टेकताना शिरा. आम्ही तीनही शॉटमध्ये आत्याला अथपासून इतिपर्यंत उतरवलं होतं.

प्रकाशाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ही चूक दर दुसऱ्या पेनड्राइव्हमध्ये असते. स्वयंपाकघरातल्या शॉटमध्ये आमच्या चित्रावरून आडवे पट्टे सरकत होते, हलके करडे. मोबाइल खराब आहे असं आम्ही ठरवून टाकलं. मोबाइल बरा होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. मोबाइल बऱ्याचदा आपोआप सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं, आणि १/६० शटर, म्हणजे प्रत्येक चित्राला सेकंदाचा साठावा भाग प्रकाश, असं धरतो, ते या लयीत बसत नाही. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं की पट्टे जातात. मोबाइलच्या साध्या कॅमेऱ्यात हे बदलता येत नसेल तर हाताने सेटिंग करू देणारं अॅप घ्या. आणि एक्स्पोजर (चित्र किती उजळ) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) लॉक करा, नाहीतर दार उघडल्यावर बाहेरचं ऊन आत येतं आणि आख्खी खोली तुमच्या डोळ्यांदेखत काळवंडते.

डोळे मिटून ऐका

मग उलट करा. स्क्रीन झाका, हेडफोन लावा, फक्त ऐका.

मला ऐकू आलं ते असं: पंखा, पंखा, शांतता, पंखा, शेजारच्या कुकरची अर्धी शिट्टी, शांतता. उरलेली अर्धी शिट्टी पुढच्या शॉटमध्ये नव्हती, कारण तो शॉट तासाभराने घेतला होता. चार वर्षं बंद असलेल्या घरात पंखा फिरतोय हे तर आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. उकडत होतं, लावला.

यावर उपाय शूटिंगच्या दिवशीच करायचा असतो. प्रत्येक जागी काम संपलं की सगळ्यांना जागच्या जागी उभं करा, पंखा-फ्रिज बंद, आणि एक मिनिटभर त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. हीच नंतर शॉटच्या जोडांखाली अंथरायची, गोधडीसारखी. फ्रिज बंद करणाऱ्याने स्वतःची गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवावी, म्हणजे घरी जाण्याआधी तो चालू करायचं लक्षात राहतं. मामीचं दही नासल्यावर आम्ही ही युक्ती शिकलो.

कुलपाचा आवाज आम्ही नंतर वेगळा घेतला. खऱ्या शॉटमध्ये किल्ली फिरते तेव्हा मागून रिक्षा जाते. मग रात्री अकरा वाजता पांघरूण डोक्यावर घेऊन, आत मोबाइल आणि तेच जुनं पितळी कुलूप, मी पंचवीस वेळा उघडलं-लावलं. बाहेरून कसं दिसलं असेल ते सांगत नाही. पण आख्ख्या फिल्ममध्ये आजही मला अभिमान वाटतो तो त्या खटक्याचा.

संवाद वेगळ्या फोनवर रेकॉर्ड केले असतील तर आणखी एक घोळ होतो. शॉटच्या सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, मिनिटाभराने सुटतात. बरेच मोबाइल फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाहीत, कधी कमी कधी जास्त करतात. एडिटिंगला बसण्याआधी हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून फाइल काढून वेग स्थिर करून घ्या. आणि शॉट सुरू होताना कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, तिच्यावरून चित्र आणि आवाज जुळवता येतात. महागडी क्लॅपची पाटी नसली तरी हात असतात.

नावं

याबद्दल थोडक्यात. मराठीत नावं टाकणार असाल तर जोडाक्षरं एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फुटतात का ते पहिल्या दिवशी बघा, शेवटच्या रात्री नाही. आमच्या 'दिग्दर्शन'मधली वेलांटी स्वतंत्र संसार थाटून बसली होती. प्रीमियर हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ग्राफिक्सच्या प्रेफरन्समध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडावा लागतो. फाँट मुक्त परवान्याचा घ्या. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट करणाऱ्या मंडळींचा 'मुक्ता' मला अजून पुरतो. 'ध्वनिमुद्रण'मधला नि ऱ्हस्व. नाव मनातल्या मनात दोनदा वाचून होईल इतका वेळ ठेवा, आणि पांढऱ्या आकाशावर पांढरं नाव टाकू नका. आम्ही टाकलं होतं. चौघांचीच नावं सात वेळा फिरवून लावली होती, तेही नको. एकदाच, चारही एकत्र.

ज्यांना काही माहीत नाही त्यांना दाखवा

मित्रांना 'कशी वाटली' विचारलं तर 'भारी' एवढंच मिळतं. ते उत्तर फिल्मबद्दल नसतं, मैत्रीबद्दल असतं. गोष्ट माहीत नसलेली तीन माणसं शोधा, एकेकट्याला दाखवा, आणि एकच विचारा: काय चाललं होतं? मग गप्प बसा. समजावायला तोंड उघडलंत की परीक्षा संपली.

आमच्या शेजारच्या आजींनी नीट बघितलं आणि म्हणाल्या, "घर विकायला आलीय वाटतं. माहेरचा वाटा." आम्ही चाटच. हे कुठून आलं? पुन्हा बघितलं तर दाराबाहेरच्या एका शॉटमध्ये आत्याच्या हातात प्लॅस्टिकचं फोल्डर. ते आमचं स्क्रिप्ट होतं, दोन शॉटच्या मध्ये वाक्य आठवायला घेतलेलं, ठेवायचं राहिलं. माहेरच्या घराच्या दारात बाई कागदपत्रं घेऊन उभी, म्हणजे आजींचं चुकलं काहीच नव्हतं. उलट त्यांची गोष्ट आमच्या गोष्टीपेक्षा बरी होती, हे मी तेव्हा कबूल केलं नाही.

हे टाळायला प्रत्येक शॉट संपल्यावर मोबाइलवर एक फोटो काढायचा: हात, पदर, ग्लासातला चहा कुठवर आहे, भिंतीवरचं घड्याळ. यासाठी एक माणूस फक्त हेच करणारा हवा. त्याला दुसरं काम सांगायचं नाही.

आता लिहा

वहीच्या पानाचे तीन उभे भाग करा. पहिल्यात पडद्यावर काय दिसतं किंवा ऐकू येतं. दुसऱ्यात ते का झालं, अगदी त्या दिवशीचं खरं कारण. तिसऱ्यात पुढच्या वेळी कोण, कधी, काय करणार. तिसरा भाग भरता येत नसेल तर तो धडा नाही, ती हळहळ आहे. अहवाल यातूनच लिहायचा.

'प्रकाशयोजनेचं महत्त्व कळलं' असं लिहू नका. माझं वाक्य शेवटी असं झालं: "कपातली वाफ दिसत नव्हती, कारण कप पांढऱ्या भिंतीसमोर होता आणि प्रकाश समोरून होता. पुढच्या वेळी मागे गडद दार, प्रकाश मागून तिरका, आणि हे आदल्या संध्याकाळी करून बघायचं."

कारण ती वाफ आम्ही पुन्हा शूट केली. सरांनी आठवडा वाढवून दिला, बहुधा माझी पेन्सिल लागलेली वही बघून. त्यांनीच फाळक्यांची गोष्ट सांगितली: मोठ्या चित्रपटाला हात घालण्याआधी, १९१२ मध्ये, त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप उगवताना टिपलं होतं, दिवसांमागून दिवस थोडं थोडं, पैसे घालणाऱ्याची खात्री पटावी म्हणून. "एवढासा वाटाणा जमला, म्हणून पुढचं जमलं. तुम्ही एक कप जमवा." मग एका थंड सकाळी आम्ही मावशींच्या मागच्या खोलीत बसलो. कप काळपट शिसवी दाराच्या पुढे, कपाच्या मागे जरा खाली टॉर्च, कॅमेऱ्यात टॉर्च दिसणार नाही असा. उकळतं ओतलं की वाफ जेमतेम अर्धा मिनिट चांगली दिसते, मग पुन्हा नवा चहा. पाचव्या कपाला आत्या म्हणाली, "अगं, यातला एखादा कुणी पिणार आहे का?"

पुन्हा कापल्यावर फिल्म एक मिनिट अडतीस सेकंदांची झाली. एसटी सात सेकंद, फक्त आवाज आणि निघून जाणारी मागची काच. रस्ता बारा, एकाच दिशेने. कुलूप आणि दार चौतीस. आतलं घर एकेचाळीस, त्यात तेरा सेकंद नुसता कप.

घरी सगळ्यांना बसवून लावली. संपल्यावर आत्या थोडा वेळ गप्प, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "उतरतानाचं सगळं काढलंस? निऱ्या तेवढ्याच नीट बसल्या होत्या त्या दिवशी."